ठोसा पायातून निघतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातली मेजरिंग टेप वारंवार गायब होऊ लागली. आमच्यापैकी एकीचे शिलाईचे काम घरूनच चालते, त्यामुळे टेप जागेवर नसली की सगळे काम अडते. एका संध्याकाळी ती सापडली ती आतल्या खोलीत, लेकीच्या पोटरीभोवती गुंडाळलेली. शेजारी वही उघडी होती. वहीत दीड महिन्याची मापे तारखेसह लिहिलेली होती. पहिल्या ओळीत एकतीस सेंटीमीटर, शेवटच्या ओळीतही एकतीसच.

आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. वर्षभरापासून ती बॉक्सिंग शिकते. आम्ही विचारल्यावर आधी ती गप्प बसली आणि मग रडू लागली. "अम्मी, माझे पाय काड्यांसारखे आहेत. आमच्याकडे शिकायला येणारा एक मोठा मुलगा म्हणाला, असल्या पायांवर ठोशात दम येतच नाही. पाय जाड असतील तरच हात भारी पडतो."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. रोज रात्री सगळे झोपल्यावर ती धाकट्या भावाला खांद्यावर बसवून शंभर बैठका मारत होती. ईदीच्या पैशांतून तिने कुठल्यातरी पावडरीचा डबा आणून कपाटात लपवला होता. उजवा गुडघा आठवडाभर दुखत होता, पण बॉक्सिंग बंद होईल या भीतीने तिने ते सांगितले नव्हते.

दादीने तेव्हाच निकाल दिला, "बस झालं आता. पोरगी हातपाय मोडून घेईल." मामूंनी फोनवर आणखी भर घातली, "मुलीला दुसरा काही खेळ सापडला नाही का?" आम्ही दोघे मात्र अडकलो. बॉक्सिंग बंद केले तर "माझे पाय वाईट म्हणून मी मागे पडले" हीच गोष्ट ती जन्मभर मनात बाळगेल. चालू ठेवले तर गुडघ्याची काळजी होतीच. तेव्हा आम्ही ठरवले, आधी त्या मुलाचे म्हणणे खरे आहे का ते तरी बघू. गेल्या काही महिन्यांत वाचून, विचारून आणि घरी करून बघून आम्हाला जे समजले ते इथे मांडत आहोत. ज्या घरात मुले-मुली खेळतात, त्या घरांना ते उपयोगी पडेल.

याच रस्त्यावरची एक मुलगी

आम्ही कोराडीत राहतो. नागपूरहून उत्तरेला निघालेला कोराडी रस्ता आधी मानकापूरवरून जातो आणि मग आमच्याकडे येतो. त्या मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे सराव करून घडलेली एक मुलगी आमच्या लेकीच्या मनात पक्की बसली आहे. ती म्हणजे अल्फिया तरन्नुम अक्रम खान पठाण. वडील नागपूर पोलिसांत आणि प्रशिक्षक गणेश पुरोहित.

एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्स या शहरात जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धा झाली. ८१ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत अल्फियाने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझला ५-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदके जिंकली होती, त्यातले एक नागपूरचे होते. पुढच्याच वर्षी कझाकस्तानच्या एलोर्डा कप स्पर्धेत तिने यजमान देशाच्या लझ्झत कुंगेइबायेवाला हरवले. ही लझ्झत २०१६ ची विश्वविजेती होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानला झालेल्या आशियाई स्पर्धेतही अल्फियाने सुवर्ण मिळवले.

आमच्या लेकीचा गट ५४ किलोंचा. अल्फियाचा गट ८१ किलोंच्या वरचा. तुलना कशाचीच नाही. तरीही ती म्हणायची, "तिच्यासारखे पाय असते तर?" आमच्या शोधाची सुरुवात या एका प्रश्नापासून झाली.

उशीचा प्रयोग

ठोसा हाताने मारतात, मग पायांचा संबंध काय? हे समजायला पुस्तक लागत नाही. घरातल्या एकाला जाड उशी छातीपुढे घट्ट धरायला सांगा. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि उशीवर ठोसा मारा. मग पाय जमिनीला टेकवून मारा. शेवटी उभे राहून, एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून मारा. ठोसा आणि ठोशातला फरक उशी धरणाराच सांगेल. आमच्याकडे उशी मामूंनी धरली होती. तिसऱ्या ठोशाला ते एक पाऊल मागे गेले आणि त्यानंतर "मुलीला हेच सापडलं का" हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही.

बंद पडलेली गाडी ढकलताना आपण हात गाडीला लावतो, पण जोर पायांनी लावतो. रस्त्यावर ऑइल सांडलेले असेल तर कितीही दणकट माणसाला गाडी हलवता येत नाही, कारण पायाला पकड नसते. आपण जमिनीला मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे रेटते. ठोशाचेही तसेच आहे. उजव्या हाताने खेळणारा डावा पाय पुढे आणि उजवा मागे ठेवतो. मागच्या पायाची टाच किंचित उचललेली असते. ठोसा सुरू होतो तो या पायाच्या चवड्यापासून. चवडा जमिनीला रेटतो, टाच बाहेरच्या बाजूला फिरते, गुडघा आत वळतो, त्याच्यामागून कंबर फिरते, कंबरेमागून खांदा आणि सर्वात शेवटी कोपर सरळ होऊन मूठ सुटते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मागचा पाय ढकलतो आणि पुढचा पाय थांबवतो. धावत्या बसने एकदम ब्रेक लावला की आपण पुढे फेकले जातो, तसे पुढचा पाय रोवला गेला की खालून आलेला वेग वरच्या धडात आणि मुठीत जातो. पुढचा गुडघा लेचापेचा असेल तर तो वेग तिथेच जिरतो आणि खेळाडू तोल जाऊन पुढे झुकतो. तेवढ्यात समोरच्याचा ठोसा बसतो. म्हणून ढकलणारा आणि अडवणारा, दोन्ही पाय मजबूत हवेत.

आकडे काय सांगतात?

यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. सोव्हिएत रशियातील १२० मुष्टियोद्ध्यांवरचा एक अभ्यास १९८५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ठोशाच्या एकूण जोरात पाय, धड आणि हात यांचा वाटा किती हे त्यात मोजले होते. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धड फिरवण्याचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. खालच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर होता आणि हाताचा वाटा ३८ टक्क्यांपर्यंत गेला होता. थोडक्यात, नवखा हाताने मारतो आणि मुरलेला पायाने.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ठोशाचा जोर यंत्रावर मोजला. अव्वल खेळाडूंचा मागच्या हाताचा ठोसा सरासरी ४,८०० न्यूटन भरला, म्हणजे क्षणभरासाठी जवळपास ४९० किलो वजनाएवढा दाब. नवख्यांचा त्याच्या निम्मा, २,३८१ न्यूटन. त्याच अव्वल खेळाडूंचा पुढच्या हाताचा ठोसा मात्र २,८४७ न्यूटनच होता. माणूस तोच, दोन्ही हातांच्या ताकदीत एवढा फरक असू शकत नाही. पण मागच्या हाताच्या ठोशामागे मागच्या पायाचा रेटा असतो, कंबरेचा पूर्ण फेरा असतो आणि मुठीला वेग घ्यायला लांब वाट मिळते.

आमच्यापैकी एकाची नोकरी वीज केंद्रातली आहे. त्याने लेकीला हे आपल्या भाषेत समजावले. "कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. वीज इथे तयार होते आणि दिवा पेटतो दूर कुणाच्या तरी घरात. मधली लाइन तुटली तर संच कितीही मोठा असो, त्या घरात अंधारच. तुझे पाय म्हणजे संच, कंबर आणि पोट म्हणजे लाइन, मूठ म्हणजे दिवा. तू रोज रात्री संच मोठा करायला बघतेस, पण लाइन जोडली आहे का हे कधी तपासलंस का?"

तिने विचारले, "म्हणजे संच लहान असला तरी चालतो?" हा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही.

जाड पाय की ताकदवान पाय?

त्या मुलाच्या बोलण्यात थोडे खरे होते, हे आधी मान्य करायला हवे. स्नायू जितका जाड, तितकी त्याची जोर लावण्याची क्षमता साधारणपणे जास्त. एकाच माणसाच्या मांडीचे स्नायू व्यायामाने भरले तर त्याची ताकद वाढते. पण दोन वेगळ्या माणसांचे पाय बघून कुणाचा ठोसा भारी हे सांगता येत नाही. त्याची कारणे आहेत.

पहिले कारण, ताकद नुसत्या स्नायूत नसते. मेंदूकडून आलेला हुकूम स्नायूचे किती तंतू एकाच वेळी आणि किती लवकर कामाला लावतो, यावर बरेच काही ठरते. म्हणूनच नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण टेपवर माप हलत नाही. आमच्या लेकीच्या वहीतला एकतीसचा आकडा म्हणूनच न हलता राहिला होता.

दुसरे कारण वेळेचे. ठोशाला पाय जमिनीला रेटण्यासाठी मिळणारा अवधी सेकंदाच्या छोट्याशा अंशाएवढा असतो. खूप वजन सावकाश उचलणारा पाय आणि कमी वेळात झटका देणारा पाय, यात फरक आहे. ठोशाला झटका लागतो. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातील पुरुष व महिला खेळाडूंवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जे उंच उडी मारतात आणि ज्यांचे पाय झटक्यात जोर लावतात, त्यांचे ठोसेही जास्त जोराचे असतात. त्याच अभ्यासात हात आणि छातीच्या झटक्याचाही संबंध दिसला, म्हणजे वरचे शरीर दुर्लक्षून चालत नाही.

तिसरे कारण, पोटरी म्हणजे सगळा पाय नव्हे. मोठा जोर येतो तो कुल्ल्याच्या आणि मांडीच्या स्नायूंतून. पोटरी शेवटचा धक्का देते. पोटरीची ठेवण बरीचशी जन्मजात असते. कुणाची भरलेली असते, कुणाची कितीही मेहनत केली तरी सडपातळच राहते. हरणाकडे किंवा घोड्याकडे बघा. मांस वर, मांडीला. खाली पाय बारीक. टोकाला वजन कमी असले की पाय लवकर हलतो.

मोठ्या खेळाडूंकडे बघितले तरी हेच दिसते. माइक टायसन जेमतेम १७८ सेंटीमीटर उंचीचा, मांड्या खांबासारख्या आणि ठोसा भयानक. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओच्या भरलेल्या पोटऱ्यांची चर्चा जगभर झाली. त्याने आठ वेगवेगळ्या वजनगटांत जागतिक किताब मिळवले. हे दोघे बघितले की त्या मुलाचे म्हणणे खरे वाटते. पण मग अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर बघा. दोन मीटरच्या आसपास उंची, पाय इतके बारीक की लोक त्यावरून चेष्टा करत. २०१८ मध्ये टायसन फ्युरीशी लढताना त्याचे वजन सुमारे ९६ किलो होते, हेवीवेटच्या मानाने कमीच. तरीही त्याच्या पहिल्या ४३ विजयांपैकी ४२ नॉकआउट होते. त्याच्या आधीच्या काळातला थॉमस हर्न्सही सडपातळ पायांचा आणि जबर ठोशाचा. लांब हात, कंबरेचा जोरदार फेरा, अचूक वेळ आणि मूठ लागताना सगळे शरीर एकसंध ठेवण्याची हातोटी, यांनी ते काम झाले.

शेवटची हातोटी महत्त्वाची आहे. मूठ लागते त्या क्षणी पाय, पोट, खांदा आणि मनगट एका ओळीत कसलेले असतील तर मुठीमागे सगळ्या शरीराचे वजन उभे राहते. मधला एक सांधा जरी सैल असला तरी मुठीमागे फक्त हाताचे वजन उरते.

वजनाचा हिशेब

बॉक्सिंगमध्ये आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे वजनगट. घरखर्चासारखेच आहे. महिन्याला ठराविक पैसे येतात, एकीकडे जास्त घातले की दुसरीकडे कमी पडतात. ५४ किलोंच्या गटातल्या मुलीने पायांवर दोन किलो चढवले तर ते दोन किलो दुसरीकडून कमी करावे लागतील किंवा वरच्या गटात जाऊन उंच, लांब हातांच्या मुलींशी लढावे लागेल. म्हणून या खेळात हवी असते ती वजन फारसे न वाढवता वाढलेली ताकद.

निखत झरीनचे उदाहरण घ्या. ती निजामाबादची, आपल्या नांदेडच्या शेजारच्या जिल्ह्यातली. बॉक्सिंगच्या आधी ती धावण्याच्या शर्यतीत भाग घेत असे, म्हणजे पायांतला झटका आधीपासूनच तयार होता. २०२२ मध्ये इस्तंबूलला ती ५२ किलो गटात विश्वविजेती झाली. पण पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंचा गटच नव्हता, म्हणून तिला ५० किलोंवर यावे लागले. २०२३ मध्ये दिल्लीत ती ५० किलो गटातही विश्वविजेती झाली. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही दोन किलोंचा हिशेब चुकत नाही.

वरच्या टोकाला याच्या उलट आहे. अल्फियाने ज्या ८१ किलोंवरील गटात पदके मिळवली, त्या गटाला वरची मर्यादा नाही, तिथे भारी शरीराचा फायदाच होतो. पण ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वात वरचा गट ७५ किलोंचा आहे. वजनदार खेळाडूसमोर तिथे मोठा पेच उभा राहतो. आमच्या लेकीला हे कळले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तिच्यासारखे पाय माझ्याकडे असते तर मी ५४ मध्ये बसलेच नसते." आम्ही म्हटले, हेच तर.

पाय मारतात आणि वाचवतातही

मुहम्मद अली यांचे नाव आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. तरुणपणी ते रिंगणात असे नाचत की समोरच्याचे ठोसे हवेतच जात. सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल १९६७ पासून साडेतीन वर्षे त्यांना खेळू दिले गेले नाही. परतल्यावर पायांत पूर्वीची चपळाई उरली नव्हती, आणि तेव्हापासून ते जास्त ठोसे खाऊ लागले. १९७४ मध्ये किन्शासा येथे त्यांनी जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले खरे, पण त्याआधी दोरांवर टेकून बराच मार सोसला होता. त्या माराची किंमत त्यांच्या शरीराने पुढे मोजली, असे पुष्कळांना वाटते.

पालकांनी ही बाजूही डोळ्यांआड करू नये. जोराचा ठोसा मारायला शिकणारे मूल जोराचे ठोसे खाणारही असते. डोक्याच्या टोपीने कातडी फुटत नाही, पण मेंदूला बसणारा हिसका ती थांबवू शकत नाही. ठोसा लागल्यावर चक्कर, उलटी, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा विसर पडणे असे काही दिसले तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरकडे जाणे, याला आमच्या घरात अपवाद नाही. आपले पाय तिला मारापासून दूर नेतील, म्हणून तरी ते मजबूत हवेत.

घरात आम्ही काय बदलले?

सगळ्यात आधी गुडघा. डॉक्टरांनी सांगितले की वाटीखालच्या स्नायुबंधावर ताण आला आहे, तीन आठवडे उड्या आणि खोल बैठका नकोत. भावाला खांद्यावर घेणे कायमचे बंद. लहान मूल हलते, तोल जातो आणि ते वजन थेट गुडघ्यावर येते. पावडरीचा डबाही आम्ही टाकून दिला, कारण त्यात नक्की काय आहे हे डब्यावर धड लिहिलेले नव्हते.

गुडघा बरा झाल्यावर प्रशिक्षकांना विचारून आठवड्यातून तीन दिवसांचा साधा क्रम ठरवला. आधी दहा मिनिटे अंग गरम करायचे. मग स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या बैठका, गुडघा आत न झुकवता. एक पाय पुढे टाकून खाली जाणे. पायरीवर एका पायाने चढणे. भिंतीला धरून टाचा उचलणे. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे, हा दिसायला सोपा पण कुल्ल्याच्या स्नायूंना चांगला व्यायाम आहे. त्यानंतर दोरीवरच्या उड्या, पायांच्या चवड्यांवर, हलक्या. शेवटी जागच्या जागी थोड्या उंच उड्या, प्रत्येक उडीनंतर पूर्ण दम खाऊन. झटका वाढवायचा तर थकलेल्या पायांनी उड्या मारून उपयोग नाही. दुखले तर थांबायचे, लपवायचे नाही, ही अट तिने स्वतःच वहीत लिहिली.

दादी हे सगळे बघत बसायची. सत्तरी ओलांडलेली आमची दादी अजून सजद्यातून कुठलाही आधार न घेता उठते. लेकीने तिला विचारले, "दादी, तुझ्या गुडघ्यांना काय खाऊ घातलंस?" दादी म्हणाली, "रोज उठवलं. एका दिवसात शंभरदा नाही, पण रोज."

खाण्याच्या बाबतीत खास असे काही नाही. डाळ, अंडी, दूध, दही, चणे, हिरवी भाजी आणि परवडेल तेव्हा मटण किंवा मासे. या वयातल्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याची तक्रार फार आढळते, म्हणून तिची हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतली. रक्त कमी असेल तर पाय लवकर थकतात आणि मग कितीही व्यायाम करा, तिसऱ्या फेरीत ठोशात काही उरत नाही. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणे किंवा पाणी तोडणे वाढत्या वयात अजिबात नको. रमजानमध्ये रोजा असताना ती जोराचा सराव करत नाही. इफ्तारनंतर हलका सराव, सहरीला भरपूर पाणी, आणि झोप पूर्ण. नागपूरच्या उन्हाळ्यात तर सकाळी उजाडताना किंवा दिवस मावळल्यावरच.

कपड्यांचा प्रश्न नातेवाइकांनी काढलाच. बऱ्याच घरांत मुलीचा खेळ इथेच अडतो, म्हणून सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेत अमैया जफर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला हिजाब आणि पूर्ण अंगाचे कपडे घातल्यामुळे लढतीतून बाद केले होते. तिने पाठपुरावा सोडला नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संघटनेने सवलत दिली आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही नियम बदलून हिजाब आणि अंगभर कपड्यांना परवानगी दिली. कोणत्या मुलीने काय घालावे हे तिने आणि तिच्या घराने ठरवावे. पण "नियमच नाही" हे कारण आता सांगता येणार नाही.

वहीतला नवा आकडा

मेजरिंग टेप आता शिलाई मशीनजवळच असते. त्याऐवजी मागच्या अंगणातल्या भिंतीवर खडूच्या खुणा आहेत. लेक भिंतीला खेटून उभी राहते, हात वर करून बोट टेकवते, मग जागच्या जागी उडी मारून शक्य तितक्या वर दुसरी खूण करते. दोन खुणांमधले अंतर म्हणजे पायांचा झटका. महिन्यातून एकदाच मोजायचे असे ठरले आहे. चार महिन्यांत वरची खूण चार बोटे वर सरकली. पोटरी एकदा मोजली, आमच्या आग्रहाखातर. साडेएकतीस.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. हिवाळ्यात तिची पहिली खरी लढत झाली आणि ती गुणांवर हरली. घरी येताना कोराडी रस्त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली होती. वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा स्वतःच म्हणाली, "अब्बू, ठोसे लागत होते. पण पाय उशिरा येत होते. मी पोचेपर्यंत ती बाजूला झालेली असायची." पराभवानंतर तिने पायांना पहिल्यांदाच बारीक म्हटले नाही, उशिरा म्हटले. बारीक पायांवर तिच्याकडे उपाय नव्हता. उशिराच्या पायांवर आहे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सरावाला गेली. आम्ही दाराशी उभे राहून बघत होतो. सरांनी हातात पॅड घातले, ती समोर आली, मागची टाच फिरली, कंबर फिरली आणि उजवा हात सुटला. आवाज आम्हाला दारापर्यंत ऐकू आला. सर काही बोलले नाहीत. पुढचा ठोसा घेण्याआधी त्यांनी फक्त आपला मागचा पाय वीतभर आणखी मागे नेऊन घट्ट रोवला.